शॅमेलिऑनच्या फांदीवरचं ऊन

घरात सरडा आणायला माझा ठाम विरोध होता, हे आधीच सांगून ठेवते. कुत्रा मागितला असता तर मी निदान विचार केला असता. पण आमच्या लेकीला शॅमेलिऑनच हवा होता. तिने एवढा पिच्छा पुरवला की शेवटी मीच कंटाळून हो म्हटलं. अट एकच, त्याचं सगळं तिने करायचं. इथे परदेशात, आमच्या ट्रॉय गावच्या ऐन थंडीत तो बोटभर पोपटी जीव आमच्या दिवाणखान्यात आला. पहिल्याच संध्याकाळी त्याने एक डोळा माझ्यावर आणि दुसरा लेकीवर रोखला आणि माझा विरोध तिथेच ढिला पडला.

या प्राण्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. जाळीच्या उंच पिंजऱ्यात वरच्या फांदीवर त्याला ऊन लागतं, खाली गारवा लागतो, आणि आपल्या मर्जीने तो वरखाली करतो. ऊन म्हणजे अर्थात दिवा. लेकीने फांदी कधी दोन बोटं वर, कधी खाली बांधून पाहिली आणि थर्मामीटरची वायर फांदीला गुंडाळून तापमान जमवलं. वर पंच्याऐंशी फॅरनहाइट, खाली बहात्तर. सकाळी शाळेत जाण्याआधी ती दिवा लावायची आणि झोपताना बंद करायची. गणिताच्या वहीकडे तिने कधी इतकं लक्ष दिलेलं मी पाहिलं नव्हतं.

तरीही तो खाईना. पोपटी रंग जाऊन काळपट तपकिरी झाला आणि खालच्या फांदीला डोळे मिटून चिकटून बसायला लागला. शनिवार-रविवारी जरा तरतरीत दिसायचा, सोमवार आला की पुन्हा तसाच. त्याला माणसांची सोबत आवडत असेल, असा शोध माझ्या नवऱ्याने लावला. आम्ही बल्ब बदलला, थर्मामीटर बदलला. संध्याकाळी कधीही मोजा, आकडा अगदी बरोबर.

शेवटी त्याला प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला हातावर घेऊन सांगितलं, की याला पुरेशी ऊब मिळत नाहीये, आणि ऊब नसेल तर पोटात गेलेलंही पचत नाही. असंच चालू राहिलं तर तो फार दिवस काढणार नाही. गाडीत बसल्यावर लेक म्हणाली, "आय ॲम किलिंग हिम, मम्मा. आपण त्याला परत देऊ या." मुलीने सगळं मनापासून केलं होतं आणि तरी खापर ती स्वतःवर फोडून घेत होती, याचा मला भयंकर राग येत होता. कोणावर ते मात्र कळत नव्हतं.

त्या दिवसांत माझे सासरे नागपूरहून आमच्याकडे राहायला आले होते. वीज खात्यात आयुष्य काढलेला माणूस. कडक, शिस्तीचे, आणि स्वतःचं काही चुकलं असं कधीच न म्हणणारे. सरड्याला ते घोयरा म्हणायचे आणि चहा घेताना त्याच्याकडे बघत बसायचे. दिवसा दिवा चालू असतो ना, असं मी त्यांना विचारलंही होतं. "मी बसतो तेव्हा चालूच असतो," ते म्हणाले. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावातच नाही.

एकदा बर्फामुळे मी घरूनच काम करत होते. डायनिंग टेबलावरून दिवाणखाना समोर दिसतो. सासऱ्यांनी सकाळचा चहा संपवला, कप उचलला, आणि खोलीतून बाहेर पडताना त्यांचा हात न बघताच भिंतीवरच्या बटणाकडे गेला. खोली अंधारली. पिंजराही अंधारला.

आमच्या दिवाणखान्यात छताला दिवा नाही. भिंतीवरचं ते बटण कोपऱ्यातल्या प्लगचं आहे. तिथे उभा दिवा असतो आणि त्याच्याच शेजारी आता पिंजऱ्याचा दिवा. आम्ही उभा दिवा त्याच्याच खटक्याने लावतो, भिंतीवरच्या बटणाला राहायला आल्यापासून हात लावला नव्हता. सासऱ्यांना मात्र रिकाम्या खोलीत दिवा जळताना बघवत नाही. शनिवार-रविवारी खोलीत कोणी ना कोणी असायचंच; एरवी सकाळी उठून जाताना बंद, चारच्या चहाला येऊन बसताना चालू. लेक शाळेतून यायची तेव्हा ऊन नुकतंच उगवलेलं असायचं!

"बाबा, तो दिवा त्याचाही आहे," मी म्हटलं. आवाज चढू नये म्हणून मी फार जपलं, तरी चढलाच.

ते परत आले, बटण दाबलं, प्लगपर्यंत वायर नजरेने तपासली. मग चिकटपट्टी मागून घेतली आणि बटणावर आडवी-उभी लावली. चिकटपट्टी परत देऊन ते माझ्याकडे न बघता खुर्चीत जाऊन बसले. मला वाटलं, दुखावले.

दुपारपर्यंत तो वरच्या फांदीवर चढला. आधी पाठ उजळली, मग पोट. लेक आली तेव्हा तो पहिल्या दिवशीसारखा पोपटी होता. तिने किडा आत सोडताच त्याची जीभ सुटली आणि किडा गायब. माझा जीव भांड्यात पडला. मी चक्क रडले.

"पण मी आज काहीच वेगळं केलं नाही," लेक गोंधळून म्हणाली.

सासरे खुर्चीतून उठले. "तू रोज बरोबरच करत होतीस, बेटा. दिवा मी बंद करत होतो. माझी चूक झाली."

"इट्स ओके, आजोबा. यू डिडन्ट नो," ती म्हणाली आणि दुसरा किडा शोधायला लागली. तिच्यासाठी विषय संपला होता.

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला तेव्हा मी स्वयंपाकघरात त्याला सगळं सांगितलं. सरडा जगल्याबद्दल तो काहीतरी बोलेल असं मला वाटलं होतं.

"चूक झाली म्हणाले? बाबा?" त्याने विचारलं. "असंच म्हणाले? याच शब्दांत?"

मी पुन्हा सांगितलं. मग अंगातलं जाकीटही न काढता तो दिवाणखान्यात गेला आणि वडिलांच्या शेजारी सोफ्यावर जाऊन बसला.