झाली कधी, कळली कधी

ऑफिसात त्यांना सगळे ‘कधीबाई’ म्हणत. कुणी काहीही सांगायला गेलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, “तुला कळलं कधी ते नको, झालं कधी ते सांग.” माझं लग्न ठरल्याचं सांगितलं तेव्हाही हेच विचारलं. मी सहा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली आणि या प्रश्नाने माझं डोकं उठायचं.

आमचं काम रक्तपेढ्यांच्या फ्रिजवर नजर ठेवण्याचं. थर्मामीटर दर मिनिटाला तापमानाची नोंद पाठवतो. आमची यंत्रणा दहा-दहा मिनिटांच्या नोंदी एकत्र घेते, त्याला आम्ही खिडकी म्हणतो. एखाद्या खिडकीची सरासरी चढली की तिथल्या माणसाचा फोन वाजतो. हे सगळं बाईंनी एकट्याने उभं केलं होतं.

एका रक्तपेढीत चाळीस पिशव्या खराब निघाल्या. आमच्या अहवालात फ्रिज सकाळी आठ चाळीसला तापलेला. ड्यूटीवर होते तिथले टेक्निशियन काका, निवृत्तीला वर्ष राहिलेले. ते सांगत होते, “फोन वाजला तसा मी धावत जाऊन फ्रिज पाहिला. काटा चारवर होता, जिथे हवा तिथेच.” कोण विश्वास ठेवणार? त्यांना घरी बसवलं. उभ्या नोकरीत कमावलेलं नाव जायची वेळ आली होती.

खात्रीसाठी आमच्या साहेबांनी त्या सकाळच्या साठवलेल्या नोंदी पुन्हा चालवायला सांगितल्या. मी दुपारी चालवल्या. उत्तर आलं, फ्रिज आज दुपारी सव्वातीनला तापला. तो फ्रिज तर दोन दिवस रिकामा, बंद पडून होता! मला हसू आवरेना. “बाई, तुमच्या यंत्राला भूत दिसायला लागलं.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी आपलाच जुना कोड उघडला आणि एका ओळीशी थांबल्या. थर्मामीटरची वेळ प्रत्येक नोंदीत होती, पण यंत्र नोंद पोहोचल्याच्या वेळेवरून खिडकी ठरवत होतं. त्यांनी ओळ बदलली, उशिरा येणाऱ्या नोंदींसाठी खिडकी तीन तास उघडी ठेवली आणि पुन्हा चालवलं. फ्रिज तापला होता त्या दिवशी पहाटे पावणेसहा ते सात. तेव्हा रक्तपेढीतलं नेट बंद होतं. अडकलेल्या नोंदी आठ चाळीसला एकदम येऊन पडल्या. काका आठला कामावर आले तोवर फ्रिज गार झाला होता. हसल्याची मला लाज वाटली.

साहेब खूश झाले. “नेट गेलं होतं असं लिहा आणि मिटवा. खोटं तर नाही ना?”

“नेट जातंच, साहेब,” बाई म्हणाल्या. “ते जाणार हे धरूनच मी लिहायला हवं होतं.”

काका सोमवारी कामावर हजर झाले. चूक स्वतःची म्हणून लिहून दिल्यावर साहेबांनी बाईंना त्या कामावरून काढलं, आणि मी त्याच साहेबांना आजही नमस्कार करतो, याचा मला राग येतो.

बाईंनी भरलेला चौकशीचा फॉर्म माझ्या फायलीत आहे. त्यात ‘चूक कधी कळली’ एवढाच रकाना होता. तिथे त्यांनी त्या दिवसाची तारीख घातली. मग खाली पट्टीने रेघ मारून स्वतःच आणखी एक रकाना केला, ‘चूक कधी झाली’. त्यात तीन वर्षांपूर्वीची, यंत्रणा सुरू झाली त्या दिवसाची तारीख लिहिली आणि पुढे सही केली.