निळं घर, पांढरं घर

करावे गावाच्या जुन्या आळीत ज्या घरचा माणूस मासेमारीला जातो, ते घर निळं. चुन्यात नीळ कालवून दरवर्षी भिंतींना हात मारायचा, म्हणजे होडीतून लांबूनच आपलं दार ओळखू येतं. माणूस बुडाला की घर पांढरं करायचं. तेही घरच्या बाईने नव्हे, शेजारणीने.

तीस वर्षं आळीत हे काम जमुनाचं. बाई तोंडाने फटकळ, पण बोलावणं तिलाच. म्हातारे सांगत, जिवंत माणसाने आपलं घर पांढरं पाहिलं तर आपल्याला मेल्यात धरलं असं समजून तो होडी मागे फिरवतो. जमुना खो खो हसायची. "त्याला तोंड नाय काय? इचारंल ना येऊन!" चांगुणाबाईचा मुलगा बंडू खाडीत हरवला, तेव्हा हिने आठव्याच दिवशी कुंचा चालवला. चांगुणाबाई उंबऱ्यात आडवी पडली होती, तर तिला ओलांडून आत गेली.

यंदा जमुनाचा नवरा जयदेव हरवला. होडी सापडली, माणूस नाही. चाळीस दिवस झाले. घर पांढरं झाल्याशिवाय दिवसकार्य करता येत नाही, म्हणून दीर सिताराम चुना भिजवून आला, तर जमुना दारात कोयता घेऊन बसलेली.

"भिंतीला हात लावंल त्याचा हात तोडीन. माजा मानूस येल, आन् पांढरं बघून फिरंल."

जन्मभर आळीला वेड्यात काढणारी बाई, पण वेळ आली की कुणाची अक्कल ठिकाणावर राहते?

शेवटी सितारामने चांगुणाबाईला बोलावलं. म्हातारीने बादलीकडे पाहिलंही नाही. जमुनाशेजारी टेकली.

"खरं हाय काय गो ते? मानूस फिरतो?"

जमुनाने तोंड फिरवलं, तशी म्हातारी सरकून तिच्यासमोर आली.

"मंग माजा बंडू आलता काय? तुजा चुना बघून फिरला काय?"

रागाने विचारलं असतं तर जमुनाने सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण म्हातारी खरोखरच उत्तर मागत होती. हो म्हणावं तर बंडूला आपणच परत धाडलं. नाही म्हणावं तर जयदेव गेला.

मग तिने कोयता खाली ठेवला.

"नाय गो बाय. कोनी फिरत नाय. खोटं हाय सगलं."

आणि शेजारीण उठायच्या आत तिने स्वतःच कुंचा चुन्यात बुडवला, आणि दाराच्या बाजूची भिंत पांढरी करायला घेतली.