पाठीची लोकर, पायाची लोकर

माझी चुलत बहीण मोनिकाताई मंत्रालयात अधिकारी झाली, ही बातमी माकणीत मीच आणली. धरणाच्या कडेला तिचे वडील, बिराप्पाकाका, मेंढरं चारत होते. टेम्पो थांबवून सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी गिरणी सोडली का तिनं? चांगली साहेब होती की."

खरंच साहेब होती. सोलापुरात शिकून ती सूतगिरणीत पाळीवर लागली आणि सोळा वर्षांत त्याच गिरणीची महाव्यवस्थापक झाली. मग सरकारनं वस्त्रोद्योग खात्यात तीन वर्षांसाठी बाहेरून जाणकार माणसं मागवली. ताईनं एवढी मोठी जागा सोडून अर्ज केला.

पहिल्याच महिन्यात तिच्यापुढं आश्रमशाळांच्या ब्लँकेट-खरेदीची फाइल आली. त्यात एक अट होती : लोकर पांढरीच हवी. आमच्या भागातली मेंढरं काळी नाहीतर करडी. आमच्या लोकरीला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. कातरली की बांधावर टाकून द्यायची. ताईनं विचारलं, पांढरीच का? कुणालाच सांगता येईना. तिनं अट काढायचा प्रस्ताव ठेवला.

खात्याचे सचिव म्हणाले, "या जाड लोकरीचं गिरणीत सूत निघत नाही असं ऐकतो. पंधरा दिवसांत ब्लँकेट विणून आणा. चाचणीत टिकलं तर अट काढू."

त्याच दुपारी मला फोन. "वैजनाथ, टेम्पो रिकामा कर. मिळेल तेवढी लोकर भर."

सास्तूर, माकणी, मुरुम, सगळीकडं फिरलो. लोक म्हणायचे, "कशाला रं, गादी भरतो का?" पोती भरून मी सोलापूरजवळच्या एका लहान गिरणीत पोचलो, तर ताई बाह्या सरसावून यंत्राजवळ उभी.

लोकर पिंजणयंत्रात गेली आणि पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीची लांब वळी, तटातट तुटायला लागला. तंतू हवेत, आमच्या केसांत, चहात. ताईनं यंत्राचा वेग कमी केला, लोकरीला तेलाचं पाणी मारलं. पुन्हा तेच. पंधरातले दहा दिवस असेच गेले. गिरणीचे फोरमन महांतप्पा म्हणाले, "मॅडम, ह्या लोकरीचं काय खरं न्हाय."

अकराव्या दिवशी पोत्यांच्या पुढच्या खेपेबरोबर ताईची आई, बानूकाकू, आली. लेक काम करते कुठं, ते तिला बघायचं होतं. आत आली, ढिगात हात घातला आणि थबकली.

"ह्ये कुणी एकत्र केलं गं? पाठीची लोकर अन् पायाची लोकर एका ढिगात? पिठात कोंडा कालवल्यावानी झालंय."

ताई यंत्र बंद करून जवळ आली. "आई, वेगळी करता येईल का?"

"त्यात काय? डोळे झाकून करीन. पर एकटीच्यानं व्हायचं न्हाय. गावातनं सिद्धम्माला आन, कमलबाईला आन."

मी टेम्पो जो पिटाळला, तो दोघींना घेऊनच परत फिरलो. तिघींनी दीड दिवस मान वर केली नाही. पाठीची मऊ, लांब लोकर एकीकडं. पायाची, पोटाची राठ लोकर दुसरीकडं. तेराव्या दिवशी महांतप्पांनी मऊ ढीग यंत्रात सोडला. आम्ही सगळे यंत्राभोवती उभे. पेळू बाहेर आला, अखंड. कातायला गेला. चात्या फिरल्या आणि काळंभोर सूत सरसर गुंडाळत गेलं. एक चाती भरली, दुसरी भरली, धागा तुटेना. महांतप्पांनी टोपी काढून हातात धरली. ताई हसत होती आणि डोळे पुसत होती. काकू मात्र म्हणाली, "यवढं काय त्यात? आमी हातानं कायम काढतोय."

चौदाव्या दिवशी ब्लँकेट विणून झालं, पंधराव्या दिवशी ताईनं ते सचिवांच्या टेबलावर ठेवलं. प्रयोगशाळेत त्यांनी ते धुतलं, ओढलं, घासलं. आठवड्यानं निकाल आला : पास. महिन्याभरात अट निघाली.

त्या वर्षी मेंढरांच्या कातरणीला सचिव स्वतः माकणीत आले. त्यांना लोकर निवडून बघायची होती. काकूनं मूठभर लोकर हातात दिली. त्यांनी ती मऊ ढिगात टाकताच ती म्हणाली, "न्हाय सायेब, पायाची हाय ती. तिकडं." दुसरी मूठही चुकली. खाली मांडी घालून बसले तेव्हा कुठं तिसरी बरोबर पडली.