डाव्या हातानं जमेल असा ब्रश

केसांना जरा उठाव देणारा गरम ब्रश घ्यायला मी दुकानात गेले होते. माझ्या आधी साठीच्या एक बाई उभ्या होत्या. त्यांचे केस माझ्यासारखेच विरळ, मऊ आणि डोक्याला चिकटून बसलेले. विक्रेत्या मुलीनं त्यांच्यापुढे कर्लर, स्ट्रेटनर असं बरंच काही मांडलं होतं.

"काकू, हा घ्या. यावर सगळ्या स्टाइल्स होतात."

बाईंनी तो मानेमागे नेला आणि लगेच खाली ठेवला. "जड आहे गं. माझा उजवा खांदा वर जात नाही. डाव्या हातानं जमेल असा दे."

मग त्यांनी एक हलका, गोल ब्रश उचलला. तो बंदच होता, तरी डोळे मिटून त्यांनी तो मुळापासून टोकापर्यंत दोनदा फिरवला. "हा बरा. रोज सून करून देते. आता माझं मी करीन."

आजवर मी अशा वस्तू खोक्यावरच्या बाईचे दाट केस बघून घेत आले आणि महिन्याभरात कपाटात टाकत आले. आपल्याला नेमकं काय झेपतं, हे त्या बाईंना ठाऊक होतं आणि ते सांगताना त्यांचा आवाज जराही खाली आला नव्हता. आपली उणीव अशी सहज सांगता येणं, हीसुद्धा एक ऐटच.

"मॅडम, तुम्हाला काय दाखवू?"

"माझे केस फार पातळ आहेत," मी म्हणाले. "कमी तापणारा दाखव."

दुकानात चार माणसं होती. त्यांच्यादेखत हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलले, आणि छान वाटलं.