डालग्याखालची विटकर

आमच्या वहिनींच्या बोक्यानं आमची कोंबडीची पिल्लं खाल्ली नाहीत. त्यातली तीन मीच खायला घातली.

एवढी दोन वाक्यं लिहायला मला दोन वर्षं लागली. बाकीचं आता भराभर सांगतो.

जळकोटापासून थोडं आत आमचं गाव आहे. तिथं मी तीस वर्षं कोतवाल होतो. कोतवालाचं काम म्हणजे नोटिसा वाटायच्या, दवंडी द्यायची आणि तलाठी भाऊसाहेब बोट ठेवतील तिथं पंच म्हणून सही करायची. गारपीट झाली, केली सही. वीज पडून बैल मेला, केली सही. त्यामुळं गावात माझ्या शब्दाला वजन आलं होतं. "कोतवालानं बघितलंय" म्हटलं की भांडण मिटायचं. (कोतवालानं खरंच बघितलंय का, हे मात्र कधी कुणी विचारलं नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही.)

आमच्या परसाला लागून हौसावहिनींचं परस. मधे कमरेएवढी भिंत. हौसावहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ गेला, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. आता घरात त्या आणि त्यांचा तांबडा बोका. बोक्याचा रुबाब असा की त्याचं नावच त्यांनी 'भाऊसाहेब' ठेवलं होतं. सकाळ-संध्याकाळ त्या अंगणातून हाक मारायच्या, "भाऊसाहेब, या जेवायला!" निवृत्त झाल्यावर पहिला महिनाभर ही हाक ऐकली की मी बाजेवरून ताडकन उठून टोपी शोधायचो.

निवृत्तीनंतर मला दुसरा उद्योग नव्हता. परसात बाजेवर बसायचं आणि समोर जे घडेल ते बघायचं. तिथं एक दिवस शेवग्यावर एक पाखरू येऊन बसलं. कावळ्याहून लहान. पाठ राखाडी, छातीवर तांबूस बारीक पट्टे आणि डोळा असा लालभडक की वाटावं, रात्रपाळी करून आलंय. शिक्रा! मी लहानपणी गुरं राखायचो तेव्हा माळावर बघितला होता. आता तो माझ्या परसात आला होता, तेही रोज, दहाच्या सुमाराला.

आता शिक्रा म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, झडप घातली की शिकार पंजात. तसं काही नसतं! आमचा शिक्रा दहा वेळा झेप घ्यायचा आणि दहाही वेळा हात हलवत परत यायचा. चिमण्या तुराट्यांच्या ढिगात शिरायच्या. मग हा ढिगावर उतरून, मान वाकडी करून, फटीतून आत बघत बसायचा. आतून चिमण्यांचा कलकलाट. खारीवर गेला तर खार खोडाच्या मागं फिरून याच्याच पाठीशी यायची. साळुंक्या तर त्याला बघून अशा ओरडायच्या की अख्ख्या गल्लीला वर्दी जायची.

आठ दिवस मी हे बघत होतो. नवव्या दिवशी मला त्याची दया आली. सगळं तिथनं बिघडलं.

आमच्या मंडळींनी, म्हणजे शेवंतानं, त्याच सुमाराला खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली होती. अकरा पिल्लं निघाली. घार-मांजराच्या भीतीनं ती दिवसभर कोंबडीसकट डालग्याखाली झाकलेली असायची. बांबूचं मोठं डालगं, वर दगड. त्या दिवशी शेवंता खालच्या आळीला बारशाला निघाली.

"अवो, ध्यान ऱ्हाऊ द्या बरं का पिल्लांकडं."

"माझं ध्यान तिकडंच हाय."

"डालगं उचलू नका."

"म्या कशाला उचलू?"

ती गेली. दहा वाजले. शिक्रा आला. शेवग्यावर बसून त्यानं एकदा डालग्याकडं बघितलं आणि एकदा माझ्याकडं. मी उठलो, डालगं एका बाजूनं चार बोटं उचललं आणि त्याखाली एक विटकर सरकवली. कोंबडी बाहेर येणार नाही, पण पिल्लू येईल, एवढीच फट. मनात म्हटलं, आपल्याला फक्त बघायचंय. झेप घेतली तरी हा कुठं पकडतोय!

एक पिवळं पिल्लू बाहेर आलं. दोन दाणे टिपले. वर शेवग्याचं पानही हललं नाही. मग काहीतरी जमिनीला घासून गेल्यासारखं झालं आणि पिल्लू होतं तिथं नुसती धूळ राहिली. शिक्रा भिंतीवर! पंजाखाली पिल्लू, पंख अर्धे पसरलेले आणि तो लाल डोळा माझ्यावर. आत कोंबडीनं डालगं डोक्यावर घेतलं. आणि मी काय केलं असेल? टाळी वाजवली! अडुसष्ट वर्षांचा माणूस मी, घरचं पिल्लू गेलं आणि टाळी वाजवली.

भानावर आल्यावर मी विटकर काढली, डालगं नीट बसवलं. शेवंता बारशाहून घुगऱ्या घेऊन आली ती थेट भिंतीपाशी. तिथं पिसं पडली होती. शिक्रा निघून गेला होता. आणि त्याच भिंतीवर, पिसांपासून दोन हातांवर, भाऊसाहेब बसून पंजानं तोंड पुसत होते.

"कुणी नेलं वो?"

मी तोंड उघडलं. त्यातून एकच शब्द बाहेर पडला.

"बोका."

ही पहिली चूक. पण दुसऱ्या दिवशी शेवंता दळणाला गेल्यावर मी पुन्हा विटकर लावली, त्याला चूक म्हणता येणार नाही. तिसऱ्या दिवशी तर मी चहाचा कप भरून घेतला आणि मग विटकर लावली. तीन दिवसांत तीन पिल्लं गेली. आणि तिन्ही वेळा मी तोच एक शब्द बोललो.

चौथ्या दिवशी शेवंतानं पदर खोचला आणि भिंतीशी उभी राहिली.

"अक्का! अवो अक्का! तुमच्या भाऊसाहेबांनी माझी तीन पिल्लं खाल्ली!"

"माझा बोका?" हौसावहिनी पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. "अगं, त्यो दुधातली माशी बघून मागं सरतो. त्यो काय पिल्लं खाणार!"

"खाल्ली म्हंजी खाल्ली. ह्यांनी डोळ्यानं बघितलंय. तीस वर्सं पंचनामं केल्यात ह्यांनी!"

वहिनी माझ्याकडं वळल्या. मी बाजेच्या सुंभाकडं बघत होतो.

"भावजी, तुमी सोता बघितलं?"

आता खरं बोलायला एवढी चांगली जागा आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. पण शेवंता माझ्याकडं अशा अभिमानानं बघत होती, की मी म्हणालो, "व्हय."

वहिनी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भांडल्या नाहीत. पिठाचे हात पुसत म्हणाल्या, "तुमी म्हणताव म्हंजी खरंच आसंल. सास्तूरला माझ्या बहिणीकडं धाडते त्याला. तिच्या घरी उंदरं लई झाल्यात." मग जरा थांबून म्हणाल्या, "पर माझ्याच्यानं न्हाय सोडवणार. तुमीच घिऊन जाताव का, भावजी?"

म्हणजे साक्षही माझी आणि हद्दपारीही माझ्याच हातून!

भाऊसाहेबांना पोत्यात घालून मी एसटीत बसलो. पोतं मांडीवर. पहिल्या गाडीत ते गप्प होते. दुसऱ्या गाडीत कंडक्टरनं पोत्याला तिकिटाची पेटी टेकवली.

"काय हाय ह्यात, आजोबा?"

"भोपळा."

भोपळ्यानं पोत्यातून पंजा बाहेर काढून कंडक्टरची बाही धरली. शेजारची बाई सीटवर उभी राहिली. मागून कुणीतरी ओरडलं, "साप हाय, साप!" गाडी थांबली. अर्धे लोक खाली उतरले. मला शपथेवर सांगावं लागलं की मांजर आहे. त्यावर कंडक्टर म्हणाला, "एवढ्या वयात खोटं बोलताव व्हय आजोबा? तोंडाकडं बघून तर वाटत न्हाय." सबंध प्रवासात मला बोचलेली ती एकच गोष्ट. (भाऊसाहेबांची नखं सोडून.)

सास्तूरला वहिनींच्या बहिणीनं पोतं सोडलं. बोका बाहेर आला, अंग झाडलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि घरात निघून गेला. त्या बघण्यात आणि शिक्र्याच्या बघण्यात फार फरक होता. शिक्र्याला मी अन्नदाता वाटायचो. बोक्याला मी नेमका कोण ते कळलं होतं.

मी विटकर उकिरड्यावर फेकून दिली. पण शिक्र्याला ती बातमी कोण देणार? तो वेळेवर येऊन बसायचा आणि माझ्याकडं बघायचा, उडप्याच्या हॉटेलात गिऱ्हाईक पोऱ्याकडं बघतं तसं. पाच-सहा दिवसांनी शेवंतानं "आता बोका न्हाय, आता भ्या कुणाचं!" म्हणून पिल्लं मोकळी सोडली आणि ती आत वळताच चौथं पिल्लू गेलं.

"आता कोण?" शेवंता माझ्यासमोर उभी.

"मुंगूस," मी म्हणालो. एकदा सही केली की पुढच्या पानांवर हात आपोआप चालतो.

पण खरा त्रास पिल्लांचा नव्हता. हौसावहिनी आमच्या परसात यायच्या थांबल्या. आधी दोघी जावा मिळून भिंतीवर पापड वाळत घालायच्या, एक वाटी इकडून गेली की दुसरी तिकडून यायची. आता भिंतीवर नुसतं ऊन. आणि सकाळ-संध्याकाळ पलीकडून सवयीनं हाक यायची, "भाऊसाहेब, या..." आणि तिथंच तुटायची. पुढचं 'जेवायला' येत नसे. ती अर्धी हाक ऐकून मी टोपी शोधायला उठत नसे, पण पुढ्यातलं ताट बाजूला सारायचो हे खरं.

असं पावणेदोन वर्षं चाललं. या उन्हाळ्यात माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. काळा चष्मा लावून मी बाजेवर पडलो होतो. हौसावहिनी समाचाराला आल्या. पावणेदोन वर्षांनी आमच्या परसात! सोबत शेंगांची चटणी आणि भाकरी. शेवंता त्यांच्याशी घुटमळत बोलत होती. म्हटलं, आता सांगितलं नाही तर कधीच नाही. उठून बसलो.

"वहिनी, तुमच्या बोक्यानं पिल्लं खाल्ली न्हवती. शिक्र्यानं नेली. तीन पिल्लांच्या बारीला तर डालगं म्याच उचललं हुतं. विटकर लावून."

मी मान खाली घालून शिव्यांची वाट बघत होतो. शेवंतानं माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप न्हाय," ती वहिनींना म्हणाली. "औषिदाचा परिणाम हाय."

"अगं, खरं सांगतोय! शिक्रा. शेवग्यावर बसायचा. लाल डोळ्याचा!"

"तुमाला लाल डोळा दिसला?" शेवंता हसायलाच लागली. "अक्का, ह्यास्नी तवा दारातलं पाण्याचं पीप दिसत न्हवतं! रामराम घालून 'बसा' म्हणलं हुतं त्याला. चहा टाकायला लावला मला! आन म्हणं शेवग्यावरच्या पाखराचा डोळा दिसला!"

(पिपाची गोष्ट खरी आहे. पण ती संध्याकाळची वेळ होती, आणि पिपावर कुणीतरी टोपी वाळत घातली होती.)

"डावा डोळा बरा हुता माझा," मी म्हणालो.

"पडा बघू गुमान."

हौसावहिनी मात्र हसल्या नाहीत. भाकरीचं फडकं उलगडता उलगडता त्यांचा हात थांबला.

"शेवंता, ह्यास्नी पीप दिसत न्हवतं?"

"मुळीच न्हाय."

"मग बोका कसा दिसला?"

शेवंताचं हसू जागच्या जागी थिजलं. ती माझ्याकडं बघत राहिली, मग भिंतीकडं, मग वहिनींच्या पायांकडं. आणि एकदम वाकून तिनं ते धरले. "अक्का, चुकलं माझं. आंधळ्या माणसाच्या साक्षीवर म्या..." दोघी रडायला लागल्या. मीही रडलो, पण डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितल्यानं कुणी मला रडू दिलं नाही.

"पर वहिनी, डालगं म्याच..."

"ऱ्हाऊ द्या, भावजी," वहिनींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "डोळ्याचा दोस हुता, मनाचा न्हाय. म्या कधीच माफ केलं तुमाला."

जे केलंच नाही त्याची माफी मिळाली. जे केलं ते अजून कुणी ऐकून घेत नाही. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

भाऊसाहेब परत आले. मीच आणले, यावेळी टोपलीतून, तोंडावर जाळी बांधून. कंडक्टरनं विचारायच्या आधीच मी ओरडून सांगितलं, "मांजर हाय!" आता भिंतीवर पापड आहेत, बोका आहे, हाकही पूर्ण येते. शिक्रा अधूनमधून येतो. मी त्याच्याकडं बघत नाही.

पण कोतवालाला त्या वेळी दिसत नव्हतं, ही बातमी शेवंताच्या तोंडून गावभर झाली. परवा पलीकडच्या शिवारातला म्हादबा काठी टेकत आला.

"कोतवाल, आमच्या बांधाच्या पंचनाम्यावर तुमचीच सही हाय न्हवं?"

"हाय की."

"तवा तुमाला दिसत हुतं का?"

"ठणठणीत दिसत हुतं!" मी छातीवर हात ठेवून सांगितलं. तो समाधानानं निघून गेला.

यातला शब्दन् शब्द खरा आहे. त्या पंचनाम्यात माझ्या डोळ्यांचा काही दोष नव्हता. त्या दिवशी ऊन फार होतं, म्हणून मी बांधावर गेलोच नव्हतो.