अस्तर कशानं चिकटवायचं

आमच्या काकांना गल्लीत 'चौकशी' म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर सगळे साहेबच म्हणतात, कारण पाणीखात्यात मीटर तपासता तपासता शेवटी शेवटी ते तपासणाऱ्यांना तपासू लागले होते. पण जो माणूस नवी चप्पल घेण्याआधी तीच चप्पल घालणाऱ्यांना रस्त्यात थांबवून त्यांच्या टाचांची विचारपूस करतो, त्याला लोकांनी दुसरं म्हणावं तरी काय? लग्नाआधी त्यांनी काकूच्या घरच्यांना इतके प्रश्न विचारले, की तिच्या वडिलांना वाटलं, आपल्या नळाचं काहीतरी बेकायदा निघालंय.

अशा माणसानं निवृत्त झाल्यावर आयुष्यातलं एक काम मात्र अजिबात चौकशी न करता केलं. एका धोबीखान्याची जुनी व्हॅन दुपारच्या दुपारी घरी आणली. इतकी वर्षं तिच्यातून दवाखान्याच्या चादरी जायच्या, त्यामुळे आत साबणाचा वास होता आणि मागे नुसता उघडा पत्रा. काकांनी जाहीर केलं की यात बिछाना, फळ्या, छोटी शेगडी असं फिरतं घर करायचं आणि काकूला तिच्या बहिणीकडे न्यायचं. बहीण पार दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी राहायची आणि काकूला बस लागायची. इतकी, की तिकिटाच्या रांगेतच तिला मळमळायला लागायचं. दोघी बहिणींची वर्षानुवर्षं फोनवरच भेट. व्हॅन पाहून काकूनं डोळ्याला पदर लावला. साबणाच्या वासानं, असं ती म्हणाली.

सुताराने बिछाना आणि फळ्या बघता बघता करून दिल्या. उरलं फक्त छताचं आणि बाजूंचं अस्तर. पत्रा उन्हात तापतो, थंडीत घामेजतो, म्हणून त्यावर फोम लावलेलं जाड कापड चिकटवायचं होतं. ते कशानं चिकटवायचं, इथे घोडं पेंड खाऊ लागलं.

पहिला सल्ला काकूच्या भावाचा. त्याचा धंदा फरशांचा. त्यानं आजवर जे काही चिकटवलं ते जमिनीला, आणि जमिनीवरून काही खाली पडत नाही, हे त्याच्या यशाचं मुख्य कारण. "भाऊजी, लाकडाचा पांढरा गोंद घ्या, डोळे मिटून," तो म्हणाला. काकांनी डोळे उघडे ठेवून थोडा लावून पाहिला. लाकडात गोंदाचं पाणी मुरतं, पत्र्यात कुठे मुरणार? कापड सोलून पाहावं तेव्हा आत गोंद आपला दुधासारखा पांढराशुभ्र, ओलाच. मेव्हण्यानं ठरवलं की दोष पत्र्याचा आहे.

दुसरा सल्ला मोबाइलमधल्या एका गृहस्थाचा. तो स्प्रेच्या डब्यातून फवारा मारून आख्ख्या गाडीला अस्तर लावायचा, तेही इस्त्रीच्या शर्टात. काका त्याच्या विद्वत्तेवर खूश होते. तिसरा, गाड्यांच्या सीटा शिवणारा. त्यानं सुईवरून नजरही न उचलता सांगितलं की उष्णता सोसणारं पिवळं रबर सोल्यूशन घ्या, पत्र्याला लावा, कापडालाही लावा, बोटाला चिकटेनासं झालं की मग एकावर एक दाबा. फक्त नीट धरून दाबा, कारण एकदा लागलं की लागलं.

नेमकं हेच काकांना मानवलं नाही. मागे घेता येणार नाही असा निर्णय त्यांच्या खात्यात कुणी कधी घेतला नव्हता.

मग गच्चीवर प्रयोगशाळा उघडली. पत्र्यावर कापडाचे तुकडे, प्रत्येकाखाली वेगळा गोंद आणि बाजूला नावाची चिठ्ठी. कपडे वाळत घालायची दोरी तिथून हद्दपार झाली. काका सकाळ-संध्याकाळ तुकडे ओढून बघायचे, मान डोलवायचे, पुन्हा दाबायचे. थंडी तशीच गेली. मेव्हण्यानं विचारलं की अजून काय बाकी आहे, तर म्हणे ऊन. छत तापेल तेव्हा खरं काय ते कळेल. ऊन ही जगातली एकच गोष्ट, जिची वाट बघत बसलं तरी कुणी आळशी म्हणत नाही.

काकू मात्र दुपारी पिशवी घेऊन बाहेर पडायची, उशिरा परतायची आणि पिशवीत कधी जुडीभर कोथिंबीर, कधी तीही नाही. व्हॅन सोडली तर काकांनी जन्मात ज्या एका गोष्टीची चौकशी केली नाही, ती हीच.

ऊन तापलं आणि निकाल लागला. पांढरा गोंद सपशेल पडला. स्प्रेवाला तुकडा कोपऱ्यांतून वळून अपमान झालेल्या पाहुण्यासारखा पाठ फिरवून बसला. पिवळं सोल्यूशन पत्रा सोडायला तयार नव्हतं. शिवणारा माणूस सुई न थांबवता जे बोलला होता, ते काकांनी घरात स्वतःचा शोध म्हणून सांगितलं. मेव्हणा म्हणाला, मी सुरुवातीपासून हेच म्हणत होतो.

डबा आला. तरी ब्रश कोणता, हवेत ओल किती, असले मुद्दे निघतच राहिले. शेवटी एका सकाळी काकू म्हणाली, "अहो, लावताय की मी लावू?" काका मुकाट्यानं व्हॅनमध्ये शिरले.

वारा सुटला होता. ओल्या सोल्यूशनवर धूळ बसू नये म्हणून त्यांनी दारं-खिडक्या आतून बंद करून घेतल्या. दारं उघडी ठेवा, असं डब्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं. तो डबा काकांनी कारखान्याच्या पत्त्यासकट वाचला होता. पण वाचणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

मी अंगणात होतो. थोड्या वेळानं व्हॅनमधून गाणं ऐकू आलं. आमचे काका गात नाहीत. काकू हातातलं टाकून धावली, दार ओढलं, तसा उग्र दर्प नाकात घुसला. मेव्हणा योगायोगानं, म्हणजे जेवायच्या वेळेला, आलाच होता. तिघांनी मिळून काकांना बाहेर काढलं आणि मोकळ्या हवेत पायरीवर टेकवलं. डोळे लाल, कोपराला अस्तराचा तुकडा चिकटलेला, चेहऱ्यावर मंद हसू. पाणी पाजलं. जरा वेळानं श्वास जाग्यावर आला आणि हसू ओसरलं.

"हे चिकटवून झालं की निघावं लागणार," काका म्हणाले.

"मग निघू की," काकू म्हणाली.

"मला भीती वाटते गं. गावाबाहेर मी कधी गाडी नेलीच नाही. शेजारून ट्रक गेला तरी हात गार पडतात. गोंद ठरत नव्हता तोवर बरं होतं."

मेव्हण्यानं मत द्यायला तोंड उघडलं. काकूनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ते मिटलं, आणि ही घटना आमच्या घरात अजून सांगितली जाते. ती आत गेली, पर्स घेऊन आली आणि एक कार्ड काकांच्या हातावर ठेवलं. गाडी चालवायचा परवाना, तिच्या नावाचा.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मोटार घेऊन आलात ना, तेव्हा अंगणात वळवतानाच तुम्हाला दरदरून घाम फुटला होता. मग म्हटलं, आपणच शिकून घ्यावं. तुम्ही गच्चीवर होतात. वेळच वेळ होता."

काकांनी परवाना पुढून पाहिला, मागून पाहिला, उजेडात धरला. खरा होता. मग हळूच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही चौकशी केली असतीत."

काका तिचा हात धरून बसले, बराच वेळ, आणि त्यांचा हात सोल्यूशनचा असल्यामुळे सोडवतानाही थोडा वेळ गेला.

दुसऱ्या दिवशी सगळी दारं सताड उघडून दोघांनी छत पूर्ण केलं. तिनं कापड ताणून धरायचं, त्यांनी मधून कडेकडे तळहातानं बसवत न्यायचं. एक कोपरा तिरका गेला. काकांनी तो काढून पुन्हा लावू पाहिला, पण तो निघेना. हळहळत त्यांनी तसाच राहू दिला.

मग खरंच निघाले. चाक हातात असलं की काकूला गाडी लागत नाही, हे पहिल्याच चढावर कळलं. एवढी वर्षं तिला बस लागत नव्हती, मागच्या सीटवर बसणं लागत होतं. काका शेजारी मुठी आवळून बसले होते. ट्रक आला की ती म्हणायची, "डोळे मिटा." ते मिटायचे. त्यातच त्यांना झोप लागली ती समुद्र येईपर्यंत. बहिणीनं दार उघडलं, तेव्हा गाडीतून उतरताना त्यांच्या गालावर सीटची शिवण उमटलेली होती.

आता वर्षातून एकदोनदा जातात. परत आल्यावर कुणी विचारलं, रस्ता कसा होता, तर काका वळणं, खड्डे, कुठे दरड आहे आणि कुठे ओव्हरटेक करू नये, हे सगळं तासभर तपशिलात सांगतात. काकू शेजारी मटार सोलत बसलेली असते.