आबांचा फॉर्म

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी कुणी न विचारताही सांगते. पुढं पीएच.डी.ला विषयही भारदस्त घेतला: जागतिकीकरण, कुशल स्थलांतर आणि उद्योजकता. म्हणजे परदेशात काम करून कोल्हापुरात परतलेल्या आणि इथं कारखाना काढलेल्या लोकांचा अभ्यास.

प्रश्नावली लोकांना कळते का, हे बघायला पहिला फॉर्म आबांना, माझ्या वडिलांना दिला. आबा आखातातल्या एका फाउंड्रीत लोखंड ओतण्यासाठी वाळूचे साचे करायचे. परत येऊन त्यांनी उचगावात स्वतःची शेड घातली. चष्मा लावून, दोन दिवस घेऊन त्यांनी फॉर्म भरला. मी तो वाचला आणि बाजूला ठेवला.

"का गं? खोटं वाटलं व्हय?"

"तसं नाही. कुशल म्हणजे पदवीधर, अशी व्याख्या आहे. तुमची सातवी."

"मग तितं मी काय हमालीला गेलतो?"

व्याख्या माझी नव्हती, पण मी ती त्यांना चांगली अर्धा तास समजावून सांगितली. शिकल्याचा तेवढा उपयोग झाला.

पुढच्या आठवड्यात राजारामपुरीत एका इंजिनिअरांची मुलाखत होती. जर्मनीहून परतलेले, माझ्या व्याख्येत फिट्ट बसणारे. तिकडून कोणतं ज्ञान आणलंत, असं विचारल्यावर ते हसले.

"खरं सांगू मॅडम? पहिले सहा महिने माझ्या कास्टिंगला भोकंच पडत होती. लॅब होती, मशिनं होती. शेवटी उचगावच्या एका मिस्त्रींना आणलं. आखातात होते म्हणे. त्यांनी वाळू मुठीत दाबली, ढेकूळ मोडलं आणि म्हणाले, 'पाणी कमी करा, पावणं.' भोकं बंद. ओळखता का त्यांना?"

"ऐकून आहे," मी म्हणाले.

माझ्या तक्त्यात अशा मदतीला एकच रकाना होता: स्थानिक अकुशल साहाय्य. तिथं मी खूण केली. अक्षर माझं लहानपणापासून चांगलं आहे, खूणही सुबक आली.

दोन दिवस जेवताना आबांकडं बघवेना. तिसऱ्या दिवशी गाईडसरांपुढं आबांचा फॉर्म ठेवला आणि व्याख्या बदलायचीय, असं मी म्हणाले.

"मग पहिल्या प्रकरणापासून सगळं पुन्हा. वर्ष जाईल," सर म्हणाले. "वडील आहेत म्हणून भावनिक होताय."

"वडील आहेत म्हणूनच बाहेर ठेवले होते, सर. दुसऱ्या कुणाला तोंडावर अकुशल म्हणायचं धाडस झालं नसतं."

संध्याकाळी शेडवर गेले. आबा हात धूत होते. सगळं पुन्हा लिहायचं ठरवलंय, हे त्यांना सांगितलं.

"माझ्या एका कागदापायी वरीस घालवलंस?"

"हो."

"आन् पदवी?"

"लांबली."

"आण तो कागद हिकडं."

मला वाटलं, फाडतात. त्यांनी चष्मा लावला आणि 'परदेशातील वर्षे' यापुढचा आठ खोडून सात केला.

"घरातल्या घरात हाय म्हणून आठ लिवलतं," ते म्हणाले. "आता छापणार म्हणतीस तर बरोबर पायजे की."